दातांचा त्रास असलेले बुजरे मांजर दत्तक घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि परिसरात निवाऱ्यातून मांजर दत्तक घेऊ इच्छिणारी मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांपैकी बुजऱ्या आणि दातांचे दुखणे असलेल्या मांजरांविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे घरातील माणसांसाठी लिहिली आहेत. रोगाचे निदान करणे आणि औषधाची मात्रा ठरवणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे.

मांजर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते आणि हात पुढे केला की फिसकारते. हा त्याचा स्वभाव आहे, की दुखण्यामुळे ते तसे वागते?

बहुधा दोन्ही, आणि तोंडाचा उपचार होईपर्यंत या दोहोंची वाटणी करता येत नाही. पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा काळ साधारणपणे वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा असतो. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या गोदामामागे जन्मलेल्या आणि त्या काळात माणसाचा हातच न लागलेल्या पिल्लाच्या मनात पुढेही माणसाविषयी धास्ती राहणे स्वाभाविक आहे. निवाऱ्यात कुत्र्यांचे भुंकणे, फिनेलचा वास आणि रोजचे नवे चेहरे यांची त्यात भर पडते. त्यातून तोंड दुखत असेल, तर गालाजवळ येणारा प्रत्येक हात मांजराला धोकाच वाटतो. मांजर शिकारी असले तरी स्वतःही मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य ठरू शकते, त्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते, आणि ते लपवता येईनासे झाले की ते आधी माणसांपासून दूर राहू लागते. निवाऱ्याच्या नोंदवहीत ‘आक्रमक’ किंवा ‘जवळ येत नाही’ असा शेरा दिसला, तर तो दुखऱ्या तोंडाचा शेरा असू शकतो हे लक्षात ठेवावे. स्वभावाचा निकाल तोंड बरे झाल्यावरच द्यावा असे आमचे मत आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच मतावर उभी आहेत.

दात दुखत आहेत हे ओळखायचे कसे? मांजर तर खाते आहे.

‘खाते आहे’ ही खूण फसवी आहे, कारण तोंडात जखमा असलेली मांजरेही भुकेपोटी खातात. म्हणून ते कसे खाते हे दुरून, त्याच्या नकळत पाहावे. दुखऱ्या दाताचे मांजर वाटीपाशी उत्सुकतेने येते, एक घास घेते, एकाएकी मान झटकते आणि कधी कधी स्वतःच्याच वाटीवर फिसकारून मागे पळते. वाटी हेच दुखण्याचे कारण आहे, असा त्याचा समज झालेला असतो. मान एका बाजूला कलती करून चावणे, कोरड्या खाद्याचे दाणे न चावता गिळणे किंवा तोंडातून सांडणे, हनुवटी लाळेने ओली राहणे, पंजाने गाल खाजवणे आणि तोंडाला कुजका वास येणे ही आणखी काही लक्षणे आहेत. ज्या मांजराने अंग चाटणे सोडले आहे, त्याची पाठीवरची लव गुंतलेली आणि तेलकट दिसते. त्याला आळशी किंवा घाणेरडे समजू नये, जीभ फिरवतानाही त्याला त्रास होत असतो.

चेहऱ्यावरूनही बरेच कळते. माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत कान, डोळ्यांचे आकुंचन, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात, आणि १० पैकी ४ किंवा अधिक गुण झाल्यास वेदनाशामकाची गरज असल्याचे मानले जाते. घाबरलेल्या मांजराचेही कान मागे जातात हे खरे, पण घाबरलेल्याचे डोळे सहसा विस्फारलेले असतात आणि दुखणाऱ्याचे अर्धवट मिटलेले. दोन-तीन वेळा मोबाइलवर चित्रफीत काढून ती डॉक्टरांना दाखवली, तर त्यांना मोठी मदत होते, कारण दवाखान्याच्या टेबलावर मांजर काहीही दाखवत नाही.

मांजरांना दातांचे नेमके कोणते आजार होतात?

प्रौढ मांजराला ३० दात असतात. त्यांवर कीटण साचून हिरड्या सुजणे आणि पुढे दातांचा आधारच ढिला होणे हा सर्वांत परिचित प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात दात झिजत नाही, तर शरीराच्याच पेशी त्याला विरघळवू लागतात. हिरडीच्या कडेला गुलाबी खळगा दिसतो आणि तेथे स्पर्श झाला तर मांजराचा जबडा थरथरतो. हा आजार प्रौढ मांजरांत फार आढळतो, त्याचे नेमके कारण अद्याप समजलेले नाही, आणि असा दात भरून वाचवता येत नाही, तो काढावाच लागतो. तिसरा आणि सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे हिरड्यांसह घशाजवळच्या आतल्या भागालाही येणारी चिवट, लालभडक सूज. मांजरांना सर्दी आणणाऱ्या कॅलिसी विषाणूशी तिचा संबंध वारंवार आढळला आहे. औषधांनी ती काही दिवस उतरते आणि पुन्हा येते, म्हणून अशा मांजराच्या निदान सर्व दाढा आणि उपदाढा काढणे हाच मुख्य उपचार मानला जातो. त्यानंतर बहुतेक मांजरांना स्पष्ट आराम पडतो, काहींना मात्र पुढेही औषधे चालू ठेवावी लागतात.

निवाऱ्यात कोणती माहिती विचारून घ्यावी?

सध्या ते काय खाते आणि किती खाते, वजन किती आहे आणि ते घटत आहे का, तोंड कोणी आणि कधी तपासले, आजवर कोणती औषधे दिली, नसबंदी झाली आहे का, हे विचारावे. तिहेरी लस आणि रेबीजची लस यांच्या तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात. मांजरांचा एड्स आणि मांजरांचा ल्युकेमिया या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन विषाणूंची चाचणी झाली नसेल, तर ती करून घ्यावी. या दोन्हींचा माणसाला संसर्ग होत नाही, पण तोंडाच्या चिवट आजारामागे ते असू शकतात आणि घरातील दुसऱ्या मांजराला त्यांची बाधा होऊ शकते.

घरी आणल्यावर लगेच दातांची शस्त्रक्रिया करावी, की आधी त्याला रुळू द्यावे?

खाणे बंद असेल, लाळेत रक्त असेल किंवा गाल सुजला असेल, तर रुळण्याची वाट पाहू नये. तसे नसेल, तर पहिल्या भेटीतच तपासणी करून वेदनाशामक सुरू करून घ्यावे आणि मांजर एका खोलीत खाऊ-पिऊ लागले, की शस्त्रक्रियेची तारीख ठरवावी. ‘आधी विश्वास बसू दे, मग दवाखान्याचे बघू’ हा विचार प्रेमळ असला तरी उलटा आहे. दुखत्या तोंडाने विश्वास बसण्याची वाट पाहिली, तर महिनेच्या महिने जातात, आणि मग जो काही विश्वास बसला असेल तोही दवाखान्याच्या फेरीने डळमळतो. त्यापेक्षा ओळख कच्ची असतानाच हे उरकून घेणे बरे. निवाऱ्याची तयारी असेल, तर ताबा घेण्यापूर्वीच दातांचे काम करून घेणे सर्वांत सोयीचे. नसबंदी बाकी असल्यास दोन्ही कामे एकाच वेळी करायची की वेगवेगळी, हे डॉक्टर मांजराची प्रकृती पाहून ठरवतील.

पहिल्या दिवसांत घरात कोणती व्यवस्था करावी?

एकच खोली द्यावी, संपूर्ण घर नव्हे. मंगळवार पेठ किंवा शिवाजी पेठेतील जुन्या कौलारू घरांत ही खोली निवडताना वर पाहावे. माळ्याला जाणारी फट किंवा तुळईवर चढायची सोय असेल, तर बुजरे मांजर पहिल्याच रात्री वर जाईल आणि त्याला खाली आणण्याच्या खटपटीत जे काही जमले असेल ते सारे विस्कटेल. फ्लॅटमध्ये धोका न्हाणीघराच्या काचपट्ट्यांच्या खिडकीचा आणि जाळी नसलेल्या गॅलरीचा असतो. दिवाणाखालची आणि कपाटामागची जागा बंद करावी, मात्र त्याऐवजी लपण्याची दुसरी जागा द्यावी. लपूच न देणे ही शिक्षा ठरते. किराणा दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यावर जुनी चादर टाकली, तरी पुरते. नेदरलँड्समधील एका निवाऱ्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या नव्या मांजरांना लपायला खोके मिळाले, त्यांचा ताण खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा लवकर उतरला.

खाण्याची ताटली एका कोपऱ्यात, शी-शूसाठीचा माती भरलेला ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात आणि खोके यांपासून अलग, अशी मांडणी असावी. घरातील एकाच व्यक्तीने ठरावीक वेळी खोलीत जावे, जमिनीवर बसावे आणि मांजराकडे न पाहता हलक्या आवाजात वर्तमानपत्र वाचावे. अग्रलेख वाचला तरी चालतो, त्याला मजकुराशी देणेघेणे नसते. नजरानजर झालीच, तर डोळे सावकाश मिटून उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की माणसाने असे केल्यावर मांजरेही तसेच प्रत्युत्तर देतात आणि अशा अनोळखी माणसाच्या हाताकडे येण्यास अधिक राजी होतात. खोक्यात हात घालून मांजराला बाहेर मात्र कधीही काढू नये.

मांजर घरी आणण्यासाठी कोणते दिवस टाळावेत?

गणपती विसर्जनाचा आठवडा आणि दिवाळी टाळावी. पेठेत राहणाऱ्यांनी फुटबॉलच्या मोठ्या सामन्याचा दिवसही पाहून ठेवावा, कारण आपल्या तालमीचा संघ जिंकल्यावर गल्लीत फटाके वाजणारच.

त्याला खायला काय द्यावे?

उपचार होईपर्यंत मऊ खाद्य द्यावे. मांजरांसाठीचे ओले खाद्य पाऊचमध्ये मिळते. कोरडे खाद्य द्यायचेच असेल, तर कोमट पाण्यात भिजवून, बोटाने दाबल्यावर सहज मोडेल इतके मऊ करून द्यावे. फ्रीजमधले थंडगार अन्न दुखऱ्या दाताला झोंबते आणि त्याला वासही येत नाही, त्यामुळे ते अंगाइतके कोमट करावे. खोल वाटीऐवजी पसरट ताटली वापरावी. मीठ न घालता उकडलेले, हाडे काढलेले चिकन बारीक करून काही दिवस देता येते, पण तेवढ्यावरच मांजराला ठेवू नये, कारण त्यातून पुरेसे कॅल्शियम मिळत नाही आणि उकडताना टॉरिन हा मांजराला अत्यावश्यक असलेला घटक पाण्यात उतरतो. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचे डोळे आणि हृदय यांना इजा होते.

घरी रविवारी मटण शिजले, म्हणून ताटलीत दोन चमचे पांढरा रस्सा ओतण्याचा मोह टाळावा, तांबड्याचा तर प्रश्नच नाही. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, मांजराच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. सुकट आणि सुके बोंबील यांत मीठ फार असते. पाहुण्याला आग्रह करून वाढणे ही कोल्हापूरची रीत असली, तरी बुजऱ्या मांजरापुढे ताटली ठेवून निघून जाणे हाच खरा पाहुणचार आहे. वाटेवर बसून पाहत राहिले, तर ते खाणार नाही.

मांजराने २४ तास काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना फोन करावा. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि लठ्ठ मांजरात तर हा प्रकार काही दिवसांत जिवावर बेततो. आठवड्यातून एकदा वजन करावे. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम घटणे, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटण्यासारखे आहे.

दूध चालेल का?

नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे म्हशीचे धारोष्ण दूध माणसांनी प्यावे. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि जुलाब होतात.

ही शस्त्रक्रिया कोल्हापुरात होते का आणि दवाखाना कसा निवडावा?

जिल्हा दुधाचा असल्याने येथील पशुवैद्यकीय सेवेचा मोठा भाग गाई-म्हशींसाठी आहे. शहरात कुत्र्या-मांजरांचे दवाखानेही आहेत, पण मांजराचे दात काढण्याचा सराव प्रत्येक ठिकाणी सारखाच असेल असे नाही. म्हणून मांजर नेण्यापूर्वी नुसते जाऊन विचारावे: भूल देताना श्वासनलिकेत नळी घालतात का, शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाचे ठोके आणि तापमान यांवर स्वतंत्र माणूस लक्ष ठेवतो का, आणि दातांचा एक्स-रे काढण्याची सोय आहे का. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मांजराच्या दाताची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात, त्यांचा तुकडा आत राहिला तर वरून हिरडी भरून आली तरी दुखणे चालूच राहते. येथे एक्स-रेची सोय मिळाली नाही, तर अवघड प्रकरणात पुण्याला जाण्याचा विचार करावा लागतो. महामार्गावर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेथे दातांची कोणती सोय आहे याची आधी फोनवर चौकशी करता येईल.

खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात रक्ततपासणी, भूल, एक्स-रे, प्रत्येक दाताचे शुल्क आणि नंतरची औषधे वेगवेगळी मांडून मागावीत. किती दात काढावे लागतील हे भूल दिल्यानंतरच नीट कळते, त्यामुळे त्या दिवशी आपला फोन चालू ठेवावा.

मांजर जागे असतानाच दात खरवडून स्वच्छ करून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर नम्रपणे नकार द्यावा. त्याने दात पांढरे दिसतात, हिरडीखालचा आजार तसाच राहतो आणि बुजऱ्या मांजराची माणसाविषयीची भीती मात्र पक्की होते.

भूल देणे धोक्याचे नाही का?

धोका शून्य नसतो. तो कमी करण्यासाठी मूत्रपिंड आणि यकृत यांची रक्ततपासणी आधी केली जाते आणि उपाशी ठेवण्याची वेळ डॉक्टर ठरवून देतात. कुजलेले दात वर्षानुवर्षे तोंडात ठेवण्याचा धोका कोणी मोजत नाही, एवढे मात्र आम्ही भूलीला भिणाऱ्यांना सांगतो.

सगळेच दात काढले, तर ते खाणार कसे?

व्यवस्थित खाते. पाळीव मांजराला शिकार फाडायची नसते, आणि ओले खाद्य ते जिभेने ओढून गिळते. हिरड्या भरून येईपर्यंत साधारण दोन आठवडे मऊ खाद्य पुरे, त्यानंतर काही बोळकी मांजरे कोरडे दाणेही आवडीने खाताना दिसतात. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावर जी दया असते, तिची गरज शस्त्रक्रियेपूर्वीच्या मांजराला अधिक असते.

शस्त्रक्रियेनंतर औषधे कशी द्यावीत? ते तर हातही लावू देत नाही.

भुलीतून आलेले मांजर पहिल्या रात्री झोकांड्या खाते. त्याला जमिनीवरच, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवावे, उडी मारण्याजोगे काही जवळ नसावे.

औषधांचा प्रश्न दवाखान्यातून निघण्यापूर्वीच सोडवावा. मांजर हाताळू देत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि कोणती औषधे तेथेच इंजेक्शनने देता येतील, कोणती पातळ स्वरूपात मिळतील आणि कोणती खाण्यात मिसळता येतील, हे विचारून घ्यावे. मिसळायचे झाल्यास पूर्ण जेवणात मिसळू नये. औषधाचा वास लागला, तर मांजर त्या ताटलीलाच पारखे होते. जेवणाच्या आधी, ते भुकेले असताना, चमचाभर वेगळ्या चवीच्या ओल्या खाद्यात औषध द्यावे आणि ते संपल्यावर नेहमीची ताटली पुढे ठेवावी. पहिले दोन-तीन दिवस असा चमचा औषधाशिवाय देऊन सवय लावली असेल, तर आणखी चांगले. टॉवेलात गुंडाळून औषध पाजण्याची वेळ आलीच, तर ते काम जेवणाच्या जागी किंवा खोक्यापाशी करू नये. त्या दोन जागा मांजराच्या दृष्टीने कायम निर्धोक राहिल्या पाहिजेत.

दवाखान्यात नेण्याचाच धसका असलेल्या मांजरासाठी प्रवासाच्या आधी घरी देण्याजोगे, भीती कमी करणारे गॅबापेंटिनसारखे औषध डॉक्टर लिहून देऊ शकतात. हे विचारायला लोक संकोचतात, तसा संकोच करू नये.

घरातली वेदनाशामक गोळी थोडीशी दिली तर चालेल का?

कदापि नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही तितकेच वर्ज्य आहे.

उरलेले दात घासावेत का?

हिरड्या पूर्ण भरून आल्यावर आणि मांजर स्वतःहून गाल घासू लागल्यावर, मांजरांसाठीच्या पेस्टने आणि बोटाला गुंडाळलेल्या मऊ कापडाने सुरुवात करावी. माणसांची पेस्ट वापरू नये. मांजराला ते सोसत नसेल, तर सोडून द्यावे आणि दर वर्षी तोंड तपासून घ्यावे. ब्रशसाठी कमावलेला विश्वास घालवणे परवडणारे नाही.

त्याने ओरबाडले किंवा चावले तर?

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे, मांजराचे लसीकरण झालेले असले तरी. सीपीआर रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे रेबीज प्रतिबंधक लसीविषयी विचारावे. मांजराच्या चाव्याची जखम वरून बारीक दिसते, पण आत खोल गेलेली असते आणि लवकर चिघळते.

पंचगंगेला पूर आला तर अशा मांजराला हलवायचे कसे?

२०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हा प्रश्न दुधाळी, सुतारवाडा आणि शाहूपुरीच्या सखल भागातील लोक आवर्जून विचारतात. मांजर नेण्याची पेटी जूनपासूनच उघडी करून त्याच्या खोलीत ठेवावी, तिच्यात अंथरूण घालावे आणि अधूनमधून त्यातच खायला द्यावे, म्हणजे ऐन वेळी ते लपायला तिच्यातच शिरेल. औषधे आणि लसीकरणाचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीला बांधून ठेवावे.

ते कधी मांडीवर येऊन बसेल?

काही मांजरे दात निघाल्यावर दोन-तीन आठवड्यांत इतकी बदलतात, की निवाऱ्यातल्या माणसांना तेच मांजर आहे यावर विश्वास बसत नाही. काहींना वर्ष लागते. काही आयुष्यभर हातभर अंतरावरच बसतात, पण त्याच खोलीत, आपल्याकडे पाठ करून झोपतात, आणि मांजराने पाठ करून झोपणे हा मोठाच विश्वास आहे. मांडीवर बसणारे मांजरच हवे असेल, तर हे मांजर घेऊ नये असे आम्ही आधीच सांगतो.

नाहीच जमले, तर काय करावे?

ज्या निवाऱ्यातून आणले तेथेच कळवून परत द्यावे. बाजारात किंवा रंकाळ्यावर ‘तिथे खायला मिळते’ म्हणून सोडून येऊ नये. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, आणि दात नसलेले, लाजाळू मांजर उकिरड्यावर इतरांशी झगडून पोट भरू शकत नाही. परत देताना ते काय खाते, औषध कशातून घेते, कोणत्या आवाजाला दचकते, कोणते दात काढले आणि पुढची लस कधी आहे, हे एका कागदावर लिहून द्यावे. ‘आक्रमक’ हा जुना शेरा आता लागू नसेल, तर तो खोडून घेण्यासही सांगावे.